कूलरच्या टाकीतली लाल वाईन

मी लाल वाईन बोलतेय. हं, लगेच नाकाला पदर नको! आधी ऐकून तर घ्या. वय लहान, रंग जांभळट लाल, आणि स्वभाव म्हणाल तर जरा चावरा. एकदा बोलायला लागले की थांबत नाही, हेही आत्ताच सांगून टाकते. त्यात आज मी इतकी खुशीत आहे, की बाटलीत मावेना.

माझं माहेर नाशिककडचं, दिंडोरीजवळच्या एका टेकडीच्या उतारावरचं. तुम्ही उपासाला खाता ती द्राक्षं वेगळी, बरं का. आमचे मणी इवलेसे, काळे, जाड सालीचे, आत कडक बी. तोंडात टाकलंत तर तोंड वाकडं कराल. थंडीत पहाटे पहाटे आम्हाला तोडलं, चिरडलं आणि सालीसकट टाकीत भिजत घातलं. हा रंग त्या सालींचाच. मग ओकच्या लाकडी पिंपात अंधारात बसवलं. कंटाळा आला असेल म्हणता? छे हो! शेजारच्या पिंपाशी भांडण्यात वेळ कसा गेला कळलंच नाही.

शेजारच्या पिंपात सरांची वाईन होती. सर म्हणजे वाइनरीचे मुख्य, सहदेव सर. फ्रान्समध्ये बोर्डो म्हणून एक मुलूख आहे. तिथे दोन-तीन जातींच्या द्राक्षांची मिळून लाल वाईन करतात. सरांनी त्या पद्धतीनं आपलं मिश्रण केलं, आणि त्यांच्या हाताखालच्या करिश्मानं आपलं. करिश्माचं मिश्रण म्हणजे मी. तिची पहिलीच! दर आठवड्याला पिंपाचं बूच काढून माझा घोट घ्यायची, गालात घोळवायची आणि कपाळाला आठ्या घालून म्हणायची, "अजून नाही गं." मला असा राग यायचा!

शेवटी सर तिला म्हणाले, "यंदा बाटल्यांत एकच भरायची. तुझी किंवा माझी. निवड तू कर. पण इथे नको, इथे तू मला घाबरून माझीच छान म्हणशील. दोन्हींचे नमुने घे, घरी जा, शांत डोक्यानं चाख आणि रविवारी संध्याकाळी फोन कर." जी हरेल ती स्वस्तातल्या वाईनमध्ये ओतून टाकणार होते. ऐकलंत? ओतून टाकणार! मी तर पिंपातल्या पिंपात थरथरले.

अशी मी करिश्माच्या बॅगेत, टॉवेलात गुंडाळलेली, रेल्वेनं अकोल्याला आणि तिथून एसटीनं तेल्हाऱ्याकडे निघाले. शेजारी सरांची बाटली. दोघी सारख्याच हिरव्या काचेच्या. फरक एवढाच, की माझ्यावर कागदाची चिठ्ठी 'क' आणि तिच्यावर 'स'. मे महिना होता. वऱ्हाडातला मे महिना, बाप्पा! बस म्हणजे भट्टी. मी आतून उकळायचीच बाकी राहिले होते, आणि ती सरांची शहाणी मात्र हूं की चूं करत नव्हती.

तेल्हाऱ्याजवळचं छोटं गाव. करिश्माचे वडील खुशालराव, आई दुर्गाबाई. खुशालरावांची कपाशीची शेती, थोडी संत्र्याची झाडं, डोक्यावर पांढरी टोपी. आणि आता धरून बसा: खुशालराव गावच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष! मी बॅगेतून डोकं काढलं आणि समोर भिंतीवर समितीच्या मोर्चाचा फोटो. मी परत टॉवेलात शिरले.

पोरगी नाशिकला काय करते, असं कोणी विचारलं की खुशालराव ठोकून द्यायचे, "ज्यूसच्या फॅक्टरीत हाय." घरातही त्या विषयावर बोलत नसत. करिश्मानं बाटल्या दाखवून "बाबा, ही बोर्डो पद्धतीची," असं म्हणताच मात्र त्यांना राहवलं नाही.

"बोर्डो? ते त मोरचूद अन् चुन्याचं असते. मी संत्र्याच्या बुंध्याले लावतो. माणसाले काहून पाजून राहिले तुमी?"

"बाबा, ते औषध. गाव एकच, वस्तू वेगळी."

"औषध परवडलं," म्हणून ते अंगणात जाऊन बसले.

करिश्माचा चेहरा एवढासा झाला. मला त्या अध्यक्षांना चावावंसं वाटलं, पण बूच लागलेलं!

रात्री उकाडा इतका, की करिश्मानं कूलरच्या अगदी तोंडाशी गादी टाकली आणि थेट डोक्यावर वारा घेऊन झोपली. इकडे दुर्गाबाईंनी पाहिलं, की बाटल्या तापल्या आहेत. त्यांना आली दया. वऱ्हाडात टरबूज, आंबे, काकड्या, जे गार करायचं ते कूलरच्या टाकीतल्या पाण्यात जातं. आम्हीही गेलो! आहाहा, काय सांगू! वरून वाळ्याच्या ताटीतून गार पाणी टपटपतंय, बाजूला एक भलं मोठं टरबूज डुलतंय, माझं अंग निवलंय. मी टरबुजाशी गप्पा मारत होते. आणि तेवढ्यात माझी चिठ्ठी सुटली. 'क' तरंगत तरंगत पंपाकडे गेली. मागोमाग 'स'. झाला लगदा.

सकाळी करिश्मा उठली ती नाक गच्च बंद होऊनच. तशीच बाटल्या शोधत आली, टाकीत हात घातला आणि किंचाळली, "आई! कोणती कोणाची हे कसं ओळखू आता?"

दुर्गाबाई घाबरल्या. "माय व माय! मले काय मालूम? चुलीवानी तापल्या होत्या मा, म्हणून टाकल्या. वास घेऊन सांग ना."

"नाक कुठंय मला, आई!"

रविवारच होता. मी आतून ओरडत होते, "अगं मी! मी ही, डावीकडची!" पण बाटलीचं ऐकतंय कोण?

दुर्गाबाईंनी कंबर कसली. चूक त्यांची, उपायही त्यांचाच. दुपारी त्यांनी बेसनाच्या पातोडीचा रस्सा केला, लालभडक, वर बोटभर तेलाची तर्री. "खाय. नाकातले सारे दरवाजे उघडते." करिश्मानं भाकर चुरून खाल्ला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि खरंच, नाक मोकळं! मायलेकी टाळ्या पिटू लागल्या. मीही नाचले असते. मग करिश्मानं जीभ टाळूला लावून पाहिली आणि मटकन खाली बसली. जीभ पार भाजून निघाली होती. नाक आलं आणि जीभ गेली!

"आई, तू चाख."

"माहा उपास हाय आज. पाणी सोडून काही नाई."

दोघींनी एकदमच अंगणाकडे पाहिलं. खुशालरावांना पित्ताचा त्रास होता. तिखट बंद, दूध-भाकरीवर होते. घरात धड जीभ म्हणाल तर तेवढी एकच.

"मी?" खुशालराव उठून उभेच राहिले. "पागल झाली का व तू? अध्यक्ष हाय मी!"

"बाबा, प्यायची नाही. तोंडात घोळवायची आणि थुंकायची. मी रोज तेच करते."

"थुंकाची?" ते थांबले. "मंग तू... पेत नाही?"

"दिवसाला चाळीस-पन्नास नमुने येतात. पीत असते तर दुपारीच आडवी झाले असते ना?"

इतकी वर्षं खुशालरावांनी मनात काय काय धरलं असेल कोण जाणे. मग म्हणाले, "थुंकाचा पगार देते का हे लोक?" आणि टोपी नीट करून पाटावर येऊन बसले.

आता माझी परीक्षा! दुर्गाबाईंनी आहेरात आलेले काचेचे सरबताचे ग्लास काढले. रंग बघायला मागे पांढरं काही हवं, म्हणून करिश्मानं बापाच्या डोक्यावरची टोपीच काढून घेतली आणि ग्लास तिरपा करून तिच्यावर धरला. मी कडेला जांभळी, मधे गर्द लाल. काय सुंदर दिसत होते म्हणून सांगू! मग तिनं मला ग्लासात गोल गोल फिरवलं. मला असं गरगरलं, की एक थेंब उडाला तो सरळ टोपीवर.

तिनं वास घेतला. आधी सरांच्या वाईनचा, मग माझा. माझ्यात जांभळं आहेत, लवंग आहे, नव्या लाकडी कपाटाचा वास आहे. तिनं डोळे मिटले आणि मला कळलं, हिनं ओळखलं! पण पठ्ठी बोलली नाही एक शब्द. आईनं विचारलं तर म्हणाली, "मी सांगितलं तर बाबा माझीच बाजू घेतील, नाहीतर मुद्दाम घेणार नाहीत. त्यांची जीभ म्हणेल तेच मी सरांना सांगणार." म्हणजे माझं सगळं नशीब दारूबंदीच्या अध्यक्षांच्या तोंडात!

पहिला घोट सरांच्या वाईनचा. खुशालरावांनी नाक दाबून औषधासारखा घेतला, घोळवला, बादलीत थुंकला. "हं," म्हणाले.

दुसरा घोट मी. आत गेले आणि जिभेला असा चिमटा काढला, की त्यांनी डोळेच मिटले. मग मी हळूहळू मऊ झाले, जीव तोडून गोड झाले. त्यांनी मला या गालातून त्या गालात नेलं. पुन्हा या गालात आणलं. थुंकायला बादलीकडे वाकले, आणि दारातून आवाज आला, "खुशालभाऊ, विरजण हाय का घरात?"

चंदाबाई! समितीच्या सचिव. हातभट्टीची मडकी लाथेनं फोडणारी बाई. समोर अध्यक्ष, हातात ग्लास, ओठ लाल, शेजारी डाग पडलेली टोपी. खुशालराव दचकले, आणि मी गट्टकन खाली! गिळलं त्यांनी मला!

दुर्गाबाईंनी डोक्याला हात लावला.

"भाऊ," चंदाबाई म्हणाल्या, "हे काय पिऊन राहिले तुमी?"

करिश्मा घाईघाईनं पुढे झाली. "काकू, ते ज्यूस..."

"ज्यूस नाही," खुशालराव म्हणाले. आवाज जरा चढलाच होता. "वाईन हाय, चंदाबाई. माही पोरगी बनवते. मी गावभर खोटं सांगत होतो. पेण्यासाठी नाही घेतली, पारखून राहिलो होतो. तुमी आल्या अन् पोटात गेली."

चंदाबाईंनी पदर खोचला. मला वाटलं, आता मडक्यांसारखी माझीही गत होणार. त्या म्हणाल्या, "मंग? कशी झाली?"

"ते पहिली चांगली हाय. गरीब हाय. आली, राम राम केला, निंगून गेली." त्यांनी ग्लासातल्या माझ्याकडे बोट केलं. "हे भांडकुदळ हाय. आल्या आल्या चावते. मंग असं गोड बोलते, का चावलेलं याद नाही राहत. अन् पोटात गेली तरी तोंडातून जात नाही. पोरी, हे तुही हाय. मले कोणी सांगाची गरज नाही. तुह्या सायबाले सांग, हेच भरा."

करिश्मा हसत होती की रडत होती, मला ठरवता येईना. नाक पुन्हा बंद झालं होतं, एवढं नक्की. तिनं तिथेच सरांना फोन लावला. सरांनी विचारलं, "आणि माझी?" ती म्हणाली, "गरीब आहे सर. राम राम करून जाते." पलीकडे सर इतके हसले, की चंदाबाईंनाही ऐकू गेलं. "भर तुझी!" म्हणाले.

त्यानंतरचं काय सांगू! चंदाबाई म्हणाल्या, "थुंकाचीच असते ना? मंग आण इकडं." त्यांनी चाखली, थुंकली, पुन्हा चाखली. नाशिकला माझं सगळं पिंप आता बाटल्यांत भरलं जाणार. माझ्या बहिणी दूर दूर जातील, लोक त्यांना फिरवतील, हुंगतील, नावं ठेवतील. ठेवू देत! मी जिंकले!

आता निरोपाची वेळ. पण जाता जाता वाचकहो, एक विनंती. कोणीतरी धावा आणि खुशालरावांना आवरा. एका घोटानं त्यांना काही चढलेली नाही, चढली आहे ती पोरगी. दारूबंदीचे अध्यक्ष डागाची टोपी घालून दारात उभे आहेत आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारतायत, "ये ना बाप्पा, ये! माह्या पोरीनं वाईन बनवली, पाहून जाय!" अर्धं गाव आत आलंय. बाटलीत माझा एकच घोट उरलाय हो, आणि करिश्मानं घरी आल्यापासून मला चाखलेलंच नाही!