टॉवरला रविवारी सुट्टी असते का

समोरच्या गच्चीवरचा मोबाइलचा टॉवर.

खिडकीच्या फटींत कोंबलेले वर्तमानपत्राचे बोळे.

तीन काळे ट्रे.

झोपेत दादाच्या छातीतून येणारी बारीक शिट्टी.

रविवार.

एवढं जुळवायला मला आठ महिने लागले. मी बेकरीच्या काउंटरवर बसते, दादा आत मैदा मळतो, वहिनी भट्टी सांभाळते. टॉवर उभा राहिला आणि दादाला खोकला लागला, म्हणून वहिनीने आतली एकुलती एक खिडकी बंद करून टाकली. खोकला वाढला. आता एक पोतं उचललं की दादा बाकावर टेकतो. परवा म्हणाला, ‘‘असंच चाललं तर भट्टी कुणाला तरी द्यावी लागेल.’’ मळण्याशिवाय त्याला दुसरं काही येत नाही, आवडतही नाही.

‘‘वहिनी, टॉवरला रविवारी सुट्टी असते का?’’

‘‘काय बोलता, वन्सं?’’

‘‘बेकरी बंद असली की दादा खोकत नाही. आपण राहतो वरच्याच मजल्यावर. टॉवर तर तिथून आणखी जवळ.’’

‘‘रविवारी आराम असतो म्हणून.’’

‘‘मग मैदा असेल.’’

दादा हसला, हसता हसता खोकला. ‘‘वेडी आहेस. जे पोटात जातं ते छातीला कसं बाधेल?’’

डॉक्टरांनी काम विचारलं तेव्हा यानं ‘स्वतःचा धंदा’ एवढंच सांगितलं होतं. ते बिचारे खोकल्याचं औषध बदलत बसले.

मी सकाळी तीन रिकामे काळे ट्रे ठेवले. एक काउंटरवर, एक वर बिछान्याशी, एक मळायच्या यंत्राशेजारी. दुपारी पहिल्या दोन्हींवर बोट फिरवलं, काही नाही. तिसऱ्यावरच्या पांढऱ्या थरात बोटाने मांजर काढता आलं, मिशांसकट.

मग दादाकडे नीट बघत राहिले. पोतं रिकामं झालं की तो ते उलटं धरून तीनदा झटकतो, मूठभर मैदाही वाया जाऊ नये म्हणून. ढग उठतो. जायला वाट नाही. ढगात उभा राहून तो दुसरं पोतं फोडतो.

वहिनी त्या मांजराकडे बराच वेळ बघत होती. ‘‘एवढं सगळं यांच्या आत?’’

‘‘रोज.’’

डॉक्टरांना ट्रे दाखवला. त्यांनी दादाला नळीत फुंकायला लावलं, वर्षानुवर्षं मैदा छातीत जाऊन झालेला दमा सांगितला आणि म्हणाले, ‘‘हे मला आधी का नाही सांगितलंत?’’ भट्टी सोडायची की नाही, ते तीन महिन्यांनी पुन्हा फुंकल्यावर ठरेल. तोवर पोतं झटकायचं नाही, मैदा हळू ओतायचा, तोंडाला मास्क, खिडकी उघडी.

वहिनीने बोळे काढले. खिडकी उघडली आणि स्वतःच तिच्याकडे पाठ करून समोर उभी राहिली.

‘‘अगं, हवा येऊ दे,’’ दादा म्हणाला.

‘‘हवा येईल बाजूने. ते टॉवरचं काय ते माझ्या पाठीवर येऊ दे.’’

दादाने हे काम एकोणिसाव्या वर्षी सुरू केलं. पहिल्या दिवशी तो संध्याकाळपर्यंत शिंकत होता आणि आम्ही सगळे हसत होतो.