रापणीचा पहिला हात

पालखोलच्या बौद्धवाडीत रामजी मर्चंड्यांइतकं जग पाहिलेला दुसरा माणूस नव्हता, आणि ही गोष्ट ते कुणाला विसरूही देत नसत. वय चौऱ्याऐंशी, कानात यंत्र, गुडघे कुरकुरणारे, तरी खलाशाची निळी टोपी सकाळी डोक्यावर चढली की झोपतानाच उतरायची. मालवाहू बोटींवर बॉयलर सांभाळण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. सुएझचा उन्हाळा, हॅम्बुर्गचं बर्फ, जपानात गोदीवर उभे असताना झालेला भूकंप, हे सगळं वाडीला तोंडपाठ होतं. विहाराच्या ओट्यावर ते बोलायला लागले की ऐकणारे पुढचं वाक्य आधीच म्हणून मोकळे होत, आणि रामजी न रागावता त्याच्या पुढचं वाक्य घेत.

एका हंगामाबद्दल मात्र ते कधी बोलले नव्हते. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या एका बंदरात तापानं फणफणलेल्या रामजीला बोटीनं इस्पितळात उतरवलं आणि बोट पुढे निघून गेली. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. दुसरी बोट मिळेपर्यंत पाच महिने गेले. ते पाच महिने कसे काढले असं कुणी विचारलं तर ते म्हणत, "मिळेल ता काम केला," आणि लगेच जपानच्या भूकंपाकडे वळत.

विहारात पौर्णिमेला पंचशील म्हणताना रामजींचा खणखणीत आवाज पहिल्याच शिलाला बसायचा. प्राण्यांच्या हत्येपासून दूर राहीन, ही ती ओळ. चोरीच्या, म्हणजे दुसऱ्या शिलापासून पुढे आवाज पुन्हा चढायचा. हे सबंध वाडीत एकाच माणसाच्या लक्षात आलं होतं, ते म्हणजे त्यांची बायको सीता. तिनं एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी दाढ दुखते म्हणून सांगितलं. सीता वारली त्याला आता नऊ वर्षं झाली, दाढही कधीच पडली, आवाज मात्र तिथंच बसत राहिला.

त्यांची नात आम्रपाली गावच्या शाळेत शिक्षिका. आजोबांचा तिला भारी अभिमान. पोरांना नकाशावर बोट ठेवून ती सांगे, इथे माझे आबा गेले होते, इथेही गेले होते. येत्या शनिवारी शाळेत त्यांचं भाषण ठेवलं होतं. फळ्यावर तिनं रंगीत खडूनं लिहूनही टाकलं होतं, 'सात समुद्र पाहिलेला माणूस'. रामजींनी टोपी धुऊन वाळत घातली होती. वाळत घातलेल्या टोपीकडेही ते कौतुकानं बघत होते.

आणि गुरुवारी सकाळी किनाऱ्यावर देवमासा लागला.

पिल्लूच होतं, पण पिल्लू म्हणजे वीस-बावीस फूट लांब. रात्रीच्या उधाणाच्या भरतीबरोबर आत आलं आणि ओहोटीनं त्याला वाळूत सोडून दिलं. तोंड गावाकडे, शेपूट दर्याकडे. मधूनच डोक्यावरच्या भोकातून फुस्स करून श्वास टाकायचं, तेव्हा जवळ उभे राहिलेले दोन पावलं मागे सरायचे. आठ वाजेपर्यंत सगळं गाव गोळा झालं. सखू मावशींनी हळदकुंकू आणलं, नारळ आणला आणि नेमकं श्वासाच्या भोकावरच कुंकू वाहायला निघाल्या. वनखात्याच्या समीक्षा मॅडम तिकडून धावत येऊन म्हणाल्या, "मावशी, तिथे नको, ते त्याचं नाक आहे." सखू मावशींनी मग शेपटीला हळद लावली. देवाचं नाक कुठंही असो, त्या रिकाम्या हातानं परत जाणाऱ्या नव्हत्या.

समीक्षा मॅडमनी फोनवर फोन लावले होते. प्राण्यांचे डॉक्टर वाटेत होते, पण घाटात दरड आल्यानं दुपार उलटणार होती. भरती होती साडेबाराला. ती चुकली तर पुढची रात्री, आणि इतका वेळ हे पिल्लू उन्हात तग धरेल असं त्यांना वाटत नव्हतं.

"मंग आमी कशाला हाव?" भागोजी तांडेल म्हणाला. भागोजी म्हणजे गावच्या रापणीचा मुख्य. रापण हे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडी ते दर्यात गोल फिरवून टाकते आणि दोन्ही टोकांचे दोर धरून तीस-चाळीस माणसं ते जमिनीवर ओढून घेतात. पालखोलात रापणीला भागोजीच्या घराण्याचा पहिला हात. दोराला तो शिवल्याशिवाय दुसऱ्यानं शिवायचं नाही, अशी रीत. रामजींच्या लहानपणी तर त्यांच्या वडिलांना दोराला शिवायचीच बंदी होती. त्यांच्या वाट्याची मासळी लांब वाळूत टाकली जायची आणि ती वेचायला रामजींना पाठवायचे. बोटीवर जायचं रामजींनी ठरवलं ते त्या वाळूतच. पुढे काळ बदलला, आता बौद्धवाडीतली माणसंही रापण ओढतात, पण पहिल्या हाताचा मान आहे तिथंच राहिला.

आम्रपाली शाळेतली मुलं घेऊन आली होती. मुलं ओळीत उभी राहून बादल्यांनी पाणी पोचवत होती. रामजी काठी टेकत किनाऱ्याला पोचले तेव्हा दहा वाजले होते आणि पाणी शेपटीपर्यंत आलं होतं. भागोजीनं कोळी नेहमी करतो तेच केलं होतं. मोठी मुशी, मोठं पाकट, जे जाळ्यात जड येईल ते शेपटीला दोर बांधून ओढायचं. बापजाद्यांनी तसंच ओढलं, त्यांचं काही चुकलं नव्हतं. शेपटीला रापणीचा दोर आवळून त्याचं दुसरं टोक त्यानं बाहेरच्या मासेमारीच्या बोटीला दिलं. बोटीनं पहिला हिसका दिला. देवमासा मागे सरकला, कुशीवर कलंडला, आणि श्वासाच्या भोकावरून लाट गेली.

रामजींच्या कानात यंत्र होतं, तरी त्या श्वासातली घरघर त्यांना सगळ्यांआधी ऐकू आली. साठ वर्षांत ऐकली नव्हती, पण ओळखायला क्षण लागला नाही.

"दोर सोड, भागोजी," ते म्हणाले.

भागोजीनं वळून पाहिलं. "रामजीबाबा, तुमी बाजूला व्हा. हिसक्यानं पडाल."

"शेपटीला मेलेला बांधतात. जिता नाय. मागं ओढलास तर नाकात पाणी जाऊन बुडल."

"मासा पाण्यात बुडल?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि पाच-सहा जण हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं. हॅम्बुर्गच्या बर्फासारखीच ही एक नवी गोष्ट, असं त्यांना वाटलं. ज्यानं जन्मभर ओट्यावर बसून जगाच्या गप्पा मारल्या त्याच्यावर ऐन वेळी विश्वास कोण ठेवणार? हे रामजींना पुरतं कळलं. गप्पांची किंमत अशी एकदम वसूल होते.

"बाबा, आमच्या चार पिढ्या दर्यात गेल्या," भागोजी शांतपणे म्हणाला. "तुमी बोटीत बॉयलरवर व्हताव. तुमाला ह्या कसा म्हाईत?"

प्रश्न सरळ होता. त्याचं उत्तरही सरळ होतं, आणि ते साठ वर्षं रामजींच्या घशात अडकलेलं होतं. त्यांनी आम्रपालीकडे पाहिलं. तिच्या हातात बादली होती आणि चेहऱ्यावर तोच जुना विश्वास, की आबांना माहीत आहे म्हणजे आहे. आता जे बोलायचं ते बोललं की हा चेहरा पुन्हा असा दिसेल की नाही, कोण जाणे. बाहेर बोटीचं इंजिन धडधडत दुसऱ्या हिसक्याची तयारी करत होतं.

रामजींनी टोपी काढून हातात घेतली.

"मी मारलेत म्हणून म्हाईत," ते म्हणाले. "आफ्रिकेला देवमासे मारायची कंपनी व्हती. पाच महिने मी तिथं काम केला. भाला मारणारा गोरा, पण मेल्यावर शेपटीला साखळी घालणारा मी. मग त्येच्या पोटात वारा भरायचा, म्हंजे तरंगतो. शेपटीनंच ओढत किनाऱ्याला आणायचा, फलाटावर घ्यायचा आणि कापायचा. चरबीचा तेल काढायचा. साबणाला, यंत्राला, गोऱ्यांच्या पावाला लावायला."

बादल्यांची ओळ थांबली.

"एकदा मादी आणली. पिल्लावाली मारायची नाय असा कायदा तवाही व्हता. पण कायदा जमिनीवर, बंदूक पाण्यावर. पिल्लू मागं-मागं येत व्हता. फलाटावर तिला कापली तवा दूध व्हायला लागला. पांढरा, दाट. माझ्या गमबुटावरून गेला." रामजींचा आवाज फुटला, पण ते थांबले नाहीत. "धम्म घेऊन मला पाच वर्षं झाली व्हती. म्हणून सांगतंय, भागोजी. जित्याला शेपटीनं ओढलेला मी बघितलाय. मरेल ता."

भागोजी तांडेल हा हट्टी माणूस म्हणून तालुक्यात प्रसिद्ध. पण चार पिढ्यांच्या कोळ्याला खरं आणि गप्पा यांतला फरक कळतो. त्यानं कमरेची सुरी काढली, पाण्यात शिरला आणि स्वतःच्या रापणीचा दोर शेपटीपासून कापून टाकला.

"आता सांगा," तो म्हणाला. "काय करायचा?"

रामजींनी सांगितलं. समीक्षा मॅडम फोनवर डॉक्टरांना विचारून मान डोलावत होत्या. कुशीच्या वल्ह्यासारख्या पंखांखाली खड्डे खणा, म्हणजे अंगाचा भार पंखांवर येणार नाही. ओल्या चादरी पाठीवर, नाक मोकळं. जसजसं पाणी चढेल तसतसं तोंड दर्याकडे वळवा, पण ढकलून नव्हे, खालून धरून. खाली घालायला काय? सगळ्यांनी एकदमच वाळूवर पडलेल्या रापणीकडे पाहिलं.

जाळं चौपदरी घडी करून, त्यावर ताडपत्री टाकून, इंच इंच करत पोटाखालून सरकवलं. दोन्ही बाजूंना चार-चार दोर. तीस माणसं छातीभर पाण्यात उभी राहिली, कोळीवाड्यातली आणि बौद्धवाडीतली, आणि सगळे नको नको म्हणत असताना सखू मावशीही लुगडं खोचून आत. सव्वाबाराला पाणी पुरेसं चढलं. तोंड दर्याकडे झालं होतं. पालखोलच्या रापणीनं आजवर दर्यातून जमिनीकडेच ओढलं होतं. उलटं ओढायला कुठल्या हाकेवर सुरुवात करायची हेच कुणाला कळेना.

भागोजीनं पुढचा दोर उचलला. रीतीप्रमाणे आता त्यानं ओढायचं आणि मग बाकीच्यांनी. तो दोर घेऊन तसाच पाण्यातून मागे आला, कंबरभर पाण्यात काठी रोवून उभ्या असलेल्या रामजींपर्यंत.

"बाबा," तो म्हणाला, "पहिला हात तुमचा."

रामजींनी काठी आम्रपालीकडे दिली. दोर ओला होता, जड होता, आणि त्याला तोच वास होता जो लहानपणी लांबच्या वाळूत उभ्या राहिलेल्या पोराला वाऱ्यावर यायचा. त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. चौऱ्याऐंशी वर्षांच्या हाताची ओढ ती केवढी असणार? पण मागून तीस गळ्यांतून हाक उठली आणि रापण दर्याकडे निघाली.

पाऊण तास लागला. खोल पाण्यात पोचल्यावर जाळं सोडलं. देवमासा जरा वेळ तिथंच झुलत राहिला. मग शेपूट वर आली, सखू मावशींची हळद अजून तिच्यावर होती, आणि तो खाली गेला. बऱ्याच लांब फवारा उडाला. त्याच्याही पलीकडे दुसरा, मोठा. समीक्षा मॅडम म्हणाल्या की जगेलच असं सांगता येत नाही, अशी पिल्लं पुन्हाही लागतात. त्या खरं तेच बोलल्या. दोन दिवस त्यांची माणसं किनाऱ्यावर फिरत राहिली, पण काही लागलं नाही.

रामजी आणि आम्रपाली घरी निघाले. ओली टोपी रामजींच्या हातातच होती.

"फळ्यावरचा पुसून टाक, बाय," वाटेत ते म्हणाले. "शनिवारचा भाषण राहू दे."

"पुसणार आहे," आम्रपाली म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते. "मी दुसरं लिहिणार आहे. आबा, तुम्ही इतकी वर्षं एकट्यानं कसं वागवलंत हे? मला राग आला तुमचा. खरंच आला. पण आज भागोजीकाकांनी तुमच्या हातात दोर दिला तेव्हा मला जेवढा अभिमान वाटला ना, तेवढा त्या सात समुद्रांचा कधीच नव्हता वाटला. तुम्ही शनिवारी यायचं. आणि दुधाचंसुद्धा सांगायचं."

शनिवारी रामजी शाळेत गेले. भूकंप नाही, बर्फ नाही. पाच महिन्यांचं जे होतं ते सगळं सांगितलं. आजही काही देश देवमासे मारतात, आमची रीत आहे म्हणतात, आणि बाकीचं जग त्यांच्याशी भांडतं, तेही सांगितलं. "रीत मोडता येते," ते म्हणाले, "मी परवा बघितली मोडताना."

मग पहिल्या बाकावरची मनस्वी, भागोजीची नात, उभी राहिली.

"आजोबा, तुम्ही साखळी किती देवमाशांना घातलीत?"

आम्रपालीनं मान खाली घातली. रामजी मात्र मनस्वीकडे बघत राहिले.

"सत्तेचाळीस," ते म्हणाले. आकडा त्यांना शोधावा लागला नाही.

"आणि सोडलेत किती?"

"एक," रामजी म्हणाले, आणि विहारात साठ वर्षं बसलेला तो आवाज वर्गाच्या मागच्या भिंतीपर्यंत खणखणीत गेला. "पण त्येला पहिला हात माझा व्हता."