क्लासच्या गल्लीतले यम

मिशी काही केल्या चिकटत नव्हती. नीलम्मानं पुन्हा गोंद लावला, पण बसप्पाच्या वरच्या ओठावर लगेच घाम फुटत होता. बाहेर माघातली थंडी पडली होती. माजलगावच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती आणि ड्रायव्हर लोक कानाला मफलर गुंडाळून बसले होते. अशा थंडीत या माणसाला घाम कशाचा येतो, हे तिला कळत होतं. तिनं पदरानं त्याचा ओठ टिपला, मिशी दाबून धरली आणि विचारलं, "ते दोघं आलेत का?"

"कोपऱ्यावर थांबलेत," बसप्पा म्हणाला. "सोमेश्वर बी हाय, पंडित बी हाय. तू कावून काळजी करतीस?"

त्यानं यमाचा शिंगांचा मुकुट डोक्यावर चढवला, काळं उपरणं खांद्यावर घेतलं आणि मागच्या दारानं बाहेर पडला. हातात एक पिशवी होती. पिशवीत काय आहे हे तिनं विचारलं नाही. तो दिसेनासा होईपर्यंत ती दारात उभी राहिली आणि मग देव्हाऱ्यापुढं जाऊन बसली.

बसप्पाचं ड्रेपरीचं दुकान होतं. शाळांच्या स्नेहसंमेलनांना लागणारे कपडे तो भाड्यानं द्यायचा. मावळे, परी, वाघ, वकील, नेते, झाड, सगळं त्याच्याकडं मिळायचं. कपडे शिवायची नीलम्मा, मुकुट आणि मुखवटे करायचा तो. अतिशय गरीब स्वभावाचा माणूस. गिऱ्हाइकानं फाटका ड्रेस परत आणला तरी 'असू द्या' म्हणायचा. रस्त्यात भांडण दिसलं की दुसऱ्या गल्लीनं घरी यायचा. लग्नाला तीस वर्षं होत आली होती, पण त्याचा चढलेला आवाज नीलम्मानं कधी ऐकला नव्हता.

दुकानाच्या मागच्या गल्लीत शिकवण्यांचे क्लास होते. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला ते सुटायचे आणि मुलींचे घोळके घराकडं निघायचे. दिवाळीनंतर त्या वेळेला मोटारसायकली यायला लागल्या. आधी नुसत्या घिरट्या. मग एका बाईचं गंठण गेलं. मग ऋतुजा नावाच्या मुलीची ओढणी चालत्या गाडीवरून कुणीतरी ओढली. ती तोंडावर आपटली आणि तिचे पुढचे दात पडले. गल्लीत तेव्हा सगळी दुकानं उघडी होती. पोलीस विचारायला आले तर कुणीच काही पाहिलं नव्हतं. गाडी कुणाची होती हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. ती अमरसिंहची होती. त्याचा काका मोठा माणूस होता, आणि मोठ्या माणसांच्या वाटेला गेलेल्यांचं काय होतं हे जिल्ह्यात कुणाला शिकवायची गरज नव्हती.

कल्पना सोमेश्वरची. तो पाण्याच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचा. रस्ता सुरक्षा सप्ताहात बसप्पाकडचा यमाचा ड्रेस घालून एक पोरगा चौकात उभा राहिला होता, आणि त्याला बघून भरधाव गाड्यासुद्धा हळू झाल्या होत्या. सोमेश्वर म्हणाला, आपण तिघं यम होऊन गल्लीत फिरू. चेहरा दिसणार नाही, नाव कळणार नाही, कुणाला काही बोलायचं नाही, नुसतं फिरायचं. समोरच्या फोटो स्टुडिओचा पंडित लगेच तयार झाला. बसप्पा तयार झाला याचंच नीलम्माला नवल वाटलं. तिनं कारण विचारलं तर तो एवढंच म्हणाला की गेल्या साली ऋतुजाला परीचा ड्रेस त्यानंच दिला होता.

आणि गंमत म्हणजे ते जमलं. तीन यम गल्लीतून चालायला लागले तशा मुली हसायला लागल्या. लहान पोरं मागं धावायची. लोक मोबाइलवर फोटो काढायचे. जिथं बघणारे वाढले तिथं मोटारसायकली कमी झाल्या. काही दिवस तर एकही आली नाही.

मग एका दुपारी अमरसिंह दुकानात आला. सोबत दोघं होते. त्यानं स्टूल ओढून घेतलं, 'काका, काकू' म्हणत चौकशी केली, नीलम्मानं दिलेलं पाणी प्यायला. यमाचा एक मुकुट उचलून डोक्यावर घातला आणि आरशात बघितलं.

"ड्रेस लई भारी हायेत काका," तो म्हणाला. "आत कोण असतं?"

बसप्पानं सांगितलं, लोक भाड्यानं नेतात, आम्ही नावं विचारत नाही.

"विचारत जा," अमरसिंह म्हणाला. आवाज अगदी साधा होता. तो तसाच मुकुट घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला गेले तेव्हा शटरच्या कुलपाला तो मुकुट बांधलेला होता. दोन्ही शिंगं मोडून दोऱ्यानं लोंबकळत ठेवली होती. बसप्पानं इकडंतिकडं बघितलं आणि मुकुट सोडवून पिशवीत घातला. आता हे फिरणं थांबवा, असं तिनं रात्री सांगितलं. त्यावर तो म्हणाला, आम्ही तिघं आहोत, तिघांना काय होतंय. त्या 'तिघां'वरच तिनं पुढचे दिवस काढले. शिवाय गल्लीत आता वेगळंच बोललं जात होतं. काल मारुती होता म्हणे. परवा मावळा होता. एकदा तर मारुती क्लासच्या फाटकापाशी आणि थोड्याच वेळात यम पाण्याच्या टाकीखाली. माणसं वाढली असं लोक म्हणत होते. नीलम्मालाही तेवढंच बरं वाटत होतं.

मिशी चिकटवून त्याला पाठवल्यावर त्या संध्याकाळी ती देव्हाऱ्यापुढून उठली, पण मन थाऱ्यावर नव्हतं. शिलाई मशीनची मोटार दुपारीच बंद पडली होती. ती घेऊन सोमेश्वरच्या दुकानात द्यावी, त्याच्या बायकोशी दोन शब्द बोलावेत, म्हणून ती निघाली.

दुकानात बायको नव्हती. सोमेश्वर स्वतः दिव्याखाली बसून तांब्याची तार गुंडाळत होता.

"तुमी हितं?" नीलम्मानं विचारलं. "आन् तिकडं ते..."

सोमेश्वरनं मान वर केली नाही. तार गुंडाळता गुंडाळताच तो म्हणाला, "वैनी, आमी कवाच सोडलं. मी बी आन् पंडितनं बी. मला दोन पोरी हायेत. बसप्पानं सांगितलं न्हाई व्हय?"

तिच्या हातातली मोटार तिनं फळीवर ठेवली की खाली टाकली, हे तिला नंतर आठवलं नाही. मारुती, मावळा, यम. ती पिशवी. पाण्याच्या टाकीखालची मोडकी, रिकामी खोली, जिथं कपडे बदलता येतात. एकच माणूस संध्याकाळभर वेष बदलत, आपण पुष्कळ आहोत असं दाखवत फिरत होता, आणि तो माणूस रस्त्यातलं भांडण चुकवून घरी येणारा होता.

ती क्लासच्या गल्लीत पोचली तेव्हा क्लास सुटत होते. गल्लीच्या मधोमध मारुती उभा होता. शेंदरी अंगरखा, खांद्यावर गदा, मागं तारेवर कापूस गुंडाळून केलेलं लांब शेपूट. ते शेपूट तिनंच शिवलं होतं. ते सारखं थरथरत होतं. फाटकातून बाहेर पडणाऱ्या मुली त्याकडं बघून हसत होत्या. मारुती मुद्दाम शेपूट हलवतोय असं त्यांना वाटत होतं. नीलम्माला मात्र अंगरख्याच्या आत लटपटणारे पाय दिसत होते.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकलींचा आवाज आला. मुलींचं हसणं थांबलं. मारुती दोन पावलं सरकला आणि मुली आणि गाड्या यांच्या मध्ये येऊन थांबला. मुली एकमेकींना ढकलत पुन्हा फाटकाकडं वळल्या. फाटक अरुंद होतं.

नीलम्माच्या ओठांवर त्याच्या नावाची हाक आली होती. पण तिला कळलं की नाव घेतलं तर आत कोण आहे ते आपणच सांगून बसू. तिनं पदराचा बोळा तोंडाशी धरला आणि चहाच्या गाड्याच्या आडोशाला उभी राहिली. शेजारच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलं. मग त्याच्या पलीकडचंही.

अमरसिंहनं गाडी थांबवली, उतरला, जवळ आला.

"मारुतीरायावर हात न्हाई उचलत आपण," तो म्हणाला. "मुखवटा काढ."

मारुती हलला नाही. गदाही खाली आली नाही. थर्माकोलची गदा, ती खाली आली असती तरी काय होणार होतं. अमरसिंहनं स्वतःच मुखवट्याच्या कानामागच्या नाड्या सोडल्या. मुखवटा दोन्ही हातांनी उचलला, कपाळाला लावला आणि शेजारच्या ओट्यावर हलकेच ठेवला. त्याला कसलीच घाई नव्हती.

खाली बसप्पाचा चेहरा होता. घामानं केस कपाळाला चिकटलेले, डोळे मोठे झालेले. सगळ्या गल्लीनं त्याला बघितलं.

"ड्रेपरीवाले काका," अमरसिंह म्हणाला. तो मागं गेला, गाडीवर बसला आणि गाडी चालू केली.

बसप्पाला बाजूला होता आलं असतं. गटाराच्या कडेला भरपूर जागा होती. त्यानं एकदा मागं वळून बघितलं. अजून चारपाच मुली फाटकाबाहेर अडकल्या होत्या. तो परत पुढं वळला आणि होता तिथंच उभा राहिला. गाडी आली तेव्हा नीलम्मानं त्याला हाक मारली, पण त्या आवाजात ती कुणालाच ऐकू गेली नाही.

सरकारी दवाखान्यात रात्रभर ती त्याच्या उशाशी बसून होती. उजवा हात दोन ठिकाणी मोडला होता, मांडीचं हाड गेलं होतं. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं विचारलं ते मुलींचं. त्या आत गेल्या, असं तिनं सांगितलं.

पहाटे एक माणूस शहाळी आणि सफरचंदं घेऊन आला. तो अमरसिंहच्या काकाकडून आला होता. अंधारात गाडी घसरली, पोराचा काही दोष नाही, दवाखान्याचं सगळं आम्ही बघू, असं तो गोड आवाजात सांगत होता. जाता जाता, दुकानात सगळं कापड आणि पुठ्ठाच आहे ना, जपून राहा, असंही म्हणाला. पण तो गेला नाही. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिला.

नीलम्मानं बसप्पाचा डावा हात धरला. "अपघात झाला म्हणा," ती म्हणाली. "मी तुमच्या पाया पडते. धारूरला माझ्या भावाकडं जाऊ. तिथं मशीन टाकून कपडे शिवीन मी. दुकान नको, काई नको."

तो छताकडं बघत होता. "नीलम्मा, मी रोज भेत होतो," तो म्हणाला. "घरातून निघाल्यापासून परत येस्तोवर. मुखवट्यातून ते दिसत नव्हतं एवढंच."

"मला म्हाईत हाय."

"मग आता बी तसंच हाय. भ्या गेलं न्हाई."

त्यानं अपघात म्हणायचं कबूल केलं की नाही, ते तिला कळलं नाही.

ऊन वर आल्यावर पोलीस ठाण्याचे जमादार जबाब घ्यायला आले. मागोमाग सोमेश्वर जेवणाचा डबा घेऊन आला आणि जमादारांना बघून दारातच थबकला. जमादारांनी पुठ्ठ्यावर कागद लावला. नाव, वय, धंदा. बसप्पा हळूहळू सांगत गेला. मग त्यांनी विचारलं, तुमच्यासोबत अजून कोण कोण फिरत होतं. गावात तर पुष्कळ माणसं असल्याची बोलवा आहे.

सोमेश्वरच्या हातातला डबा किंचित वाजला. बसप्पानं त्याच्याकडं बघितलं नाही.

"कुणी न्हाई," तो म्हणाला. "मी एकलाच होतो."

"आणि धडक कुणी दिली? ओळखता का?"

व्हरांड्यातल्या बाकाचा आवाज झाला. तो माणूस उठून दाराशी आला होता. आता बसप्पा म्हणेल अंधार होता, आता म्हणेल दिसलं नाही, असं नीलम्मा मनात म्हणत होती, आणि तसंच व्हावं म्हणून देवाचा धावा करत होती.

"अमरसिंह," बसप्पा म्हणाला.

जमादारांचं पेन थांबलं. त्यांनी दाराकडं एक नजर टाकली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "नीट आठवून सांगा. एकदा लिहिलं की लिहिलं."

बसप्पानं ओठ ओले केले. चेहरा पांढरा पडला होता. त्यानं नाव पुन्हा सांगितलं. या वेळी काकाच्या नावासकट.

दारातल्या माणसानं खिशातून फोन काढला आणि कानाला लावत बाहेर गेला.

जमादारांनी लिहून संपवलं. उजवा हात प्लास्टरमध्ये बघून त्यांनी शाईचं पॅड काढलं आणि म्हणाले, अंगठा चालेल.

"सही येती मला," बसप्पा म्हणाला.

त्यानं डाव्या हातात पेन घेतलं. पुठ्ठा पोटावर ठेवला तर तो घसरत होता. नीलम्मा उठली. पलंगाला वळसा घालून दाराच्या बाजूला आली आणि दाराकडं पाठ करून बसली. तिनं पुठ्ठा दोन्ही हातांनी धरला. पेनाचं टोक कागदावर टेकलं, अडखळलं, पुन्हा टेकलं. पहिलं अक्षर वाकडं उमटलं. मागं व्हरांड्यात तो माणूस फोनवर बोलत होता, आणि बोलता बोलता त्यानं तिच्या भावाच्या गावाचं, धारूरचं, नाव घेतलं.

तिनं पुठ्ठा आणखी घट्ट धरला.

"सावकाश लिवा," ती म्हणाली.