ठिपक्याच्या उजवीकडे

मी एक जुना सिंथेसायझर आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला कान नाहीत. भिंतींना असतात म्हणे, पण माझ्या वाट्याला आली ती बटणं आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. माझ्यातून काय बाहेर पडतं ते मी कधीच ऐकलेलं नाही. माझं कोणतं बटण कुठे उभं आहे ते मला कळतं, आणि माणसांचं बोलणं त्यांच्या ओठांवरून. पण तेवढ्यावरूनही माणसांविषयी बरंच कळतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांब टेबलाशी ओळीने बसलेल्या बायकांनी माझ्या पोटातल्या तारा जोडल्या. शेवटी एका तपासनिसाने माझी प्रत्येक पट्टी दाबून पाहिली, मान डोलावली आणि मला खोक्यात घातलं. तिथून मी दुकानात गेलो. दुकानात येणारे लोक माझी एखादी पट्टी दाबत, कंटाळत आणि शेजारच्या वाद्याकडे वळत. त्यांचंही बरोबर होतं. शेजारचं वाद्य पट्टी दाबताच ढोल म्हणा, बासरी म्हणा, मागाल ते वाजवून दाखवायचं. मी पडलो हळू उठणारा. माझ्यावर धूळ बसत गेली.

मग ताई आली. तिने स्टूल पुढे ओढलं, चार पट्ट्या एकदम दाबल्या आणि दाबूनच ठेवल्या. दुकानदार खाकरला. पुन्हा खाकरला. ताईने हात उचलला नाही.

"हा सावकाश जागा होतो," ती म्हणाली. "हाच द्या मला."

ताई नाटकांना आणि माहितीपटांना आवाज करून द्यायची. गाणी नव्हेत, चालीही नव्हेत. प्रसंगाच्या मागे अंथरायचा लांब, मऊ आवाज. त्यांच्या धंद्यात त्याला पॅड म्हणतात. पॅड नुसता लांब असून भागत नाही. तो बदलत राहिला पाहिजे, पण बदलताना पकडला जाता कामा नये. आपण दुधाकडे बघत उभे असतो, तरी साय नेमकी कधी धरली ते सांगता येत नाही, तसं. त्यासाठी ताई माझे दोन स्वर घ्यायची आणि त्यातला एक केसभर बेसूर करायची. मग ते एकमेकांना ढोसत हेलकावे घेत राहायचे. आणि सगळ्यात शेवटी ती हात घालायची माझ्या मोठ्या बटणाला, फिल्टरला. ही एक चाळणीच आहे. डावीकडे फिरवली की तेवढा जाड, अंधारा आवाज बाहेर येतो. उजवीकडे नेली की बारीक, चमकता, धारदार भागही सुटतो.

पहिल्याच वर्षी ताईने या बटणाशेजारी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला.

"याच्या पुढे गेलं की कानाला टोचतं," तिने भावाला बजावलं. "इथवर यायचं आणि गुमान मागे फिरायचं."

भाऊ म्हणजे बाळ्या. पन्नाशी जवळ आली तरी घरात तो बाळ्याच. त्याच खोलीत पलीकडे त्याचं मिक्सरचं, म्हणजे आलेले आवाज कमी-जास्त करून जुळवायचं टेबल होतं. माझी तार तिथे जायची आणि तिथून रेकॉर्डिंग बाहेर पडायचं. ते दिवस चांगले होते. लोक यायचे, डोळे मिटून ऐकायचे, अंगावर काटा आला म्हणायचे. माझ्यावरून रोज मऊ फडका फिरायचा.

पुढे केव्हातरी बटण ठिपका ओलांडू लागलं. आधी नखभर, मग आणखी थोडं. दर वर्षी ते उजवीकडे सरकत होतं.

"हा हल्ली दबल्यासारखा वाटतो. म्हातारा झाला बिचारा," असं म्हणून ताई मला थोपटायची. तिच्या कानांचं खापर माझ्या डोक्यावर फुटत होतं. मला राग आला नाही. तशी सोय माझ्यात केलेली नाही.

बाळ्याच्या मात्र सगळं लक्षात आलं होतं. ताई चहा टाकायला आत गेली की तो आपल्या टेबलावरचं एक बटण हळूच डावीकडे फिरवायचा. माझ्यातून सुटलेली धार तिथे कापली जायची. ताई कप घेऊन परत यायची, तिला काही फरक जाणवायचा नाही आणि गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा त्याचा हिशेब असावा. त्याचं बहिणीवर फार प्रेम होतं, हेही मी सांगायला हवं.

ती मूठ उघडली एका नाटकाच्या तालमीत. नाटकाच्या शेवटी एक मोठा प्रसंग होता. एक म्हातारा खुर्चीत बसून मुलीची वाट बघतो. सकाळ होते, दुपार सरते, संध्याकाळ होते. तो एक शब्दही बोलत नाही. दिवस कलतो आहे हे पॅडनेच सांगायचं. दिग्दर्शकाला त्यासाठी रेकॉर्डिंग नको होतं. ताईने विंगेत बसून, नटाकडे बघत वाजवावं असा त्याचा आग्रह होता. नेमका बाळ्या तापाने झोपलेला. ताई मला एकटीच घेऊन गेली आणि माझी तार थेट नाट्यगृहाच्या स्पीकरांना जोडली गेली. मध्ये बाळ्याचं टेबल नव्हतं.

ताईने पट्ट्या धरल्या. थोड्या वेळाने दिग्दर्शक पुढे आला.

"ताई, जरा टोचतंय हो."

"टोचतंय? अजून पुरता उघडलाही नाही."

"नाही, म्हणजे..." तो ओशाळला. "तुमचे आवाज नेहमी किती मऊ असतात."

ताईने पट्ट्या सोडल्या नाहीत. दुसऱ्या हाताने तिने फिल्टर पार डावीकडे नेला आणि सावकाश उजवीकडे आणू लागली. खुर्चीतला नट तिच्या समोरच होता. चेहरा हलू न देणं हीच त्याची भूमिका. ठिपक्यापर्यंत तो दगडासारखा बसून राहिला. ठिपका ओलांडला आणि त्याची भुवई उडाली. आणखी पुढे त्याने जबडा आवळला. शेवटी बिचाऱ्याने भूमिका सोडून चक्क कानात बोटं घातली. ताईने बटण मागे घेतलं, बोटं बाहेर आली. पुढे नेलं, बोटं आत गेली.

"मला दोन्ही सारखंच लागतंय," ती कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाली. मग तिने ठिपक्याकडे पाहिलं, आणि बाळ्याच्या टेबलाशिवाय थेट स्पीकरांत गेलेल्या माझ्या तारेकडे.

घरी आल्यावर मला तिथेच भिंतीशी टेकवून ती बाळ्याच्या उशाशी उभी राहिली.

"माझे आवाज तू कापतोस?"

बाळ्याने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. "थोडेसे."

"कधीपासून?"

"झाली की काही वर्षं. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही, ताई."

"आणि आज भर तालमीत लोक कानात बोटं घालून बसले, ते बरं वाटलं असेल मला?" तिच्या कपाळावर आठीही नव्हती. "लोक माझी पाठ थोपटत होते. ती माझी होती की तुझी, हे आता मला कळायचं कसं?"

बाळ्याने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

कानाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, वरचे बारीक आवाज गेले आहेत, ते परत येणार नाहीत. श्रवणयंत्राने बोलणं नीट ऐकू येईल, पण पूर्वीची चमक मिळेलच असं नाही. ताईने माझ्यावर जुनी चादर टाकली आणि दिग्दर्शकाला दुसरं माणूस बघायला कळवलं. ती वाद्यांच्या खोलीत यायचीच बंद झाली. चादरीखाली मला विशेष काही वाटलं नाही. घरात मात्र कुणी धड जेवत नव्हतं.

प्रयोग तोंडावर आला तसा बाळ्या चादर काढून स्वतःच बसला. त्याने पट्ट्या धरल्या आणि बटण बरोबर ठिपक्यापर्यंत नेलं. दिग्दर्शक घरी येऊन ऐकत होता.

"मऊ आहे," तो म्हणाला. "पण संध्याकाळ होत नाहीये."

"होईल कशी?" दारातून कुणीतरी बोललं. ताई पदराला हात पुसत उभी होती. "दोन्ही स्वर एकदम हलवतोय तो. आधी एकाला दमू दे, मग दुसऱ्याला हलव. ऊठ तिथून."

हेलकावे तिला ऐकू येत होते. ते खालच्या, जाड आवाजात असतात आणि तिथे तिचा कान शाबूत होता. गेली होती ती फक्त धार. स्टुलावर बसताना तिने भावाकडे पाहिलं.

"चाळणी मीच फिरवणार. किती उघडली ते तू सांगायचं."

"मी बोललो तर वाजलेलं ऐकू कसं येणार?"

"तोंड कशाला हवंय? हात आहे ना?"

प्रयोगाच्या संध्याकाळी विंगेत ताईच्या समोर बाळ्या उभा राहिला, छातीशी मूठ मिटून. खुर्चीतल्या म्हाताऱ्याची सकाळ सुरू झाली. माझे दोन स्वर हेलकावू लागले. ताईचा हात बटणावर होता आणि डोळे भावाच्या मुठीवर. आवाज उजळेल तसं बाळ्याचं एकेक बोट उघडत होतं. पूर्ण तळवा उघडला, तेव्हा ताईचा हात थांबला. तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. बटण बरोबर ठिपक्यावर उभं होतं.

पडदा पडल्यावर टाळ्या झाल्या असाव्यात. ताईने तिकडे लक्ष दिलं नाही.

"कसं झालं?" तिने विचारलं.

बाळ्या जरा घुटमळला. "परत फिरताना घाई केलीस. संध्याकाळ पटकन आटोपली."

ताई हसली, बऱ्याच दिवसांनी. "हां. आता कसा भावासारखा बोललास."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्रावरून अधूनमधून फडका फिरवलात तर बरंच आहे. नाही फिरवलात तरी माझी तक्रार नाही. पण तुमच्या घरात कुणाचं काही कमी होत असेल, ऐकणं, दिसणं, आठवणं, तर त्याच्या पाठीमागे गुपचूप बटण फिरवू नका. त्याच्या समोर जाऊन उभे राहा आणि त्याला तुमचा हात दिसू द्या.