न झोपणारी चिप

मीटरवर चाळीस मायक्रोअँप. श्रवणयंत्राची चिप झोपलेली असताना एवढी वीज खात होती. आकडा पाचाखाली आला नाही, तर चार वाजता साहेब मोठ्या बॅटरीवर सही करणार होते, आणि ती लहान मुलांच्या कानामागे बसतच नव्हती. डिझायनर ताईंनी सकाळपासून प्रोग्रॅम तीनदा चाळून काढला होता.

मीटरवर चार. ताई पाणी प्यायला उठल्या होत्या.

“ताई, तुम्ही गेलात आणि ही गाढ झोपली की,” टेक्निशियन म्हणाला.

“म्हणजे मीच नडते होय?”

“परत या बघू.”

मीटरवर अडतीस. ताईंनी हात पुढे नेला, आकडा चढला. मागे घेतला, उतरला. त्यांनी भिंग घेऊन चिपचा बोर्ड न्याहाळला. चिपची एक पिन कशालाच न जोडता मोकळी राहिली होती, आणि हाताच्या नुसत्या चाहुलीने ती चिपला जागं करत होती. त्यांनी केसाएवढ्या तारेने ती ग्राउंडला जोडून टाकली.

मीटरवर तीन. दोन्ही हात बोर्डाजवळ धरले, तरी तीनच.

“आता शेजारी नाचलात तरी उठायची नाही,” टेक्निशियन म्हणाला.

पण ताई बोर्ड, मीटर, तारा असं सगळं लटांबर उचलून साहेबांच्या खोलीकडे निघाल्यासुद्धा होत्या.