हलवलं का?

मला एक सांगा, भरवसा कुणावर ठेवावा? तोंड भरून सांगतो त्याच्यावर, की माल उलटा करून दाखवतो त्याच्यावर? घाई करू नका. आधी माझं सगळं ऐका, मग ठरवा.

मी बोलतेय, रामकिशन घोंगडीवाल्याची दोन स्ट्रोकची मोटारसायकल. माझ्या पाटीवर अजून एमएच २२ आहे, परभणीचा नंबर. मी आले तेव्हा हिंगोली जिल्हा झालेलाच नव्हता. म्हणजे मी माझ्या जिल्ह्यापेक्षा वयानं मोठी. हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगतेच.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते कुरुंद्यातलं अंगण आणि हँडलला बांधलेला झेंडूचा हार. रामकिशनच्या घरी मेंढरं होती. भावानं मेंढरं वळायची आणि यानं बाजारोबाजार घोंगड्या विकायच्या, अशी वाटणी. शाळा चौथीपर्यंत, पण माणूस पारखण्यात पुढचा. मला म्हणायचा, "घोंगडी गालाला लावून बघतो ना, तो घेणार. जो अंगठ्यानं चोळतो, तो निस्ता भाव इचारून जाणार." मीही तशीच पारख शिकले. सीटवर हात फिरवणारा एक जात, टायरला लाथ मारणारा दुसरी.

हट्टा गावच्या बाजारात एकानं अडवलं, "पाणी झिरपत न्हाई कशावरून?" रामकिशननं त्यालाच घोंगडीखाली बसवलं आणि वरून तांब्या ओतला. टोपी कोरडी राहिली. गिऱ्हाईक एक घोंगडी घेऊन गेलं आणि पुढच्या बाजाराला दुसरी न्यायला आलं. पहिली बायकोनं घेतली होती.

आता माझ्या पोटातली गोष्ट. माझ्यासारख्या गाडीला पेट्रोलातच तेल मिसळून द्यावं लागतं, लिटरला चाळीस मिली. नुसत्या पेट्रोलवर आतला पिस्टन कोरडा पडतो, तापतो आणि सिलिंडरला चिकटून बसतो. तेल ओतलं की हँडल धरून गाडी डावी-उजवी हलवायची, म्हणजे ते सगळीकडं मिसळतं. म्हणून रामकिशनच्या घरी "तेल टाकलं का?" असं कुणी विचारायचंच नाही. विचारायचं, "हलवलं का?" हलवलं म्हटलं की तेल त्यात आलंच.

याच एका शब्दानं माझा घात केला.

दोन हजार सात साल. माझं इंजिन थकलं होतं. तांड्यावरच्या थावरा मिस्त्रीनं ते उघडलं, सिलिंडर नव्यानं घासून आणला, नवा पिस्टन बसवला. थावरा म्हणजे रामकिशनचा लहानपणापासूनचा दोस्त. एका कपातला चहा दोन बशांत ओतून पिणारे हे दोघं. जाताना त्यानं बजावलं, "नवं काम हाय. थोडे दिस तेल जरा जास्तीच टाका."

तिसऱ्या दिवशी औंढ्याला माल न्यायचा होता. रामकिशनचा लेक शिवहार तेव्हा तेविशीत होता. त्यानं टाकी भरली आणि बघतो तर तेलाची बाटली रिकामी. वाटेत घेऊ म्हणाला आणि सवयीनं हात हँडलवर गेले. मला हलवत असतानाच आबा, म्हणजे रामकिशन, घोंगड्यांचा गठ्ठा घेऊन बाहेर आले.

"हलवलं का?"

"व्हय, हलवलं."

खोटं तो बोलला नाही. खरंही बोलला नाही. मागं आबा बसले, मधे गठ्ठा. आता तेलासाठी थांबावं तर आधीचं बोलणं उघडं पडणार. तो थांबलाच नाही. फाट्याच्या अलीकडं माझं चाक जागीच जाम झालं. आम्ही तिघंही घसरत गेलो. आबांचं कोपर सोललं, गठ्ठा नालीत पडला.

पुढच्या बाजाराला रामकिशननं भर गर्दीत थावराला झापलं. बोअर घट्ट ठेवला, म्हणजे पिस्टनला सिलिंडरात हलायला जागाच ठेवली नाही, नव्या कामाचा सत्यानाश केला, असं नको नको ते. थावरा एवढंच म्हणाला, "एकदा तेलाचं बघ, रामकिशन."

"माझं पोरगं खोटं बोलत न्हाई," रामकिशन म्हणाला.

शिवहार तिथंच उभा होता. चपलेकडं बघत.

चहा सुटला. गावातली गिऱ्हाइकं थावराकडं जायची थांबली. मी गोठ्यात गेले. माझ्या सीटवर शेळी बसायची, कोंबडीनं दोनदा हत्यारांच्या डब्यात अंडी घातली. दोन स्ट्रोकच्या इंजिनाला अंडी उबवायचं काम, सांगायलाही लाज वाटते. शिवहारनं पुढं चादरींचं दुकान काढलं, बरं चालवलं. भंगारवाल्याला मात्र त्यानं तीनदा घरी आणलं. दरवेळी आबा म्हणाले, "माझी गाडी हाय, मी मेल्यावर न्या." शिवहारला मी का नको होते, हे आबांना कळत नव्हतं. मला कळत होतं. त्याचा शब्द माझ्या पोटात होता.

अठरा वर्षं गेली. शिवहारची लेक मोहिनी, मी बंद पडले तेव्हा रांगत होती, ती हिंगोलीच्या आयटीआयला मोटार मेकॅनिक शिकायला लागली. सुट्टीत आली आणि थेट गोठ्यात शिरली.

"पप्पा, ही आपण दोघं मिळून उघडू."

"काहून? भंगार हाय ते."

"तुमी पाना धरा निस्ता. बाकी मी करते."

लेकीला नाही म्हणणं शिवहारला कधी जमलं नाही. रोज दुकान बंद केलं की तास-दोन तास बाप-लेक माझ्यापुढं बसायचे. तिनं पिस्टनवर डिझेल ओतून चार दिवस भिजत ठेवला, लाकडी ठोकळा लावून हळूहळू सोडवला. तिची आई सत्यशीला टोमणा मारायची, "बापाला घरात खिळा ठोकता येत न्हाई, लेकीच्या नादानं इंजिनं खोलून राहिलाय." शिवहार हसायचा. काळ्या हातांनी दोघं एका ताटात जेवले, त्या दिवशी मला वाटलं, मी बंद पडले ते एका अर्थी बरंच झालं.

पिस्टन निघाला. त्यावर उभे ओरखडे. शिवहार लगेच म्हणाला, "बघ, बोअर घट्ट ठेवला व्हता."

मोहिनीनं कार्बोरेटरची वाटी उघडली. बंद पडले त्या दिवसाचं पेट्रोल तिच्यातच राहिलं होतं. तिनं आत बोट फिरवलं. बोटाला पिवळी भुकटी लागली, कोरडी.

"पप्पा, पेट्रोल उडून जातं. तेल उडत न्हाई, चिकटून बसतं. मंग ह्यातलं तेल कुठं गेलं?"

शिवहारनं हातातला पाना खाली ठेवला. पुसायच्या फडक्याची घडी घातली.

"टाकलंच नव्हतं," तो म्हणाला. "निस्तं हलवलं व्हतं."

लेकीनं तोंड वाकडं केलं नाही. एवढंच म्हणाली, "मला सांगून काय उपेग? मी तवा रांगत व्हते."

त्याच दिवशी त्यानं आबांना सांगितलं. शहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग उठून टोपी घातली. "टेम्पो बोलाव. गाडी थावराकडं न्यायची. तूबी चल."

थावरानं टेम्पोतून उतरणाऱ्या मला आधी बघितलं, मग त्यांना. शिवहार सगळं बोलला, मोहिनीनं गाडी कशी उघडली तेही. आबा म्हणाले, "चुकलं, थावरा." मिस्त्रीनं चष्मा पुसला.

"अठरा वर्सं झाली, रामकिशन. गॅरंटी संपली."

मग तिघंही हसले, पण थावरा लवकर थांबला. "काम करतो. पोरीला शिकवतोबी. पन तवा तू बाजारात बोललास. आता गॅरेजात बोलून कसं चालंल?"

नव्या मापाचा पिस्टन त्याच्याकडं होता, जुन्या कागदात गुंडाळलेला. सिलिंडर घासून आल्यावर तो मोहिनीनं स्वतःच्या हातानं बसवला. थावरानं फक्त बघितलं आणि मान हलवली. तिनं किक मारली. पाचव्या किकेला मी बोलले. असा धूर सोडला की शेळ्या दोरी ओढायला लागल्या. आणि आवाज! अठरा वर्षं गप्प बसलेलीचा आवाज तो.

कुरुंद्याच्या बाजाराला मोहिनी मला चालवत गेली, मागं थावरा मिस्त्री. चहाच्या टपरीपुढं गर्दी जमलीच, जुनी गाडी ना. शिवहार पुढं झाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "ह्या गाडीत तेल मी टाकलं नव्हतं. मिस्त्रीचं काम बराबर व्हतं."

आबांनी एक चहा सांगितला आणि दोन बशा.

आज मी दुकानापुढं उभी असते, धुतलेली, तेलकट, ऐटीत. औंढ्याला जाणारी माणसं थांबून बघतात. निघताना मोहिनी विचारते, "हलवलं का?" आणि बाप बाटली उलटी करून दाखवतो, "आधी टाकलं. मंग हलवलं."

म्हणून तुम्हाला एकच मागते. तुमच्या घरी कसलीही गाडी असो, लिटरला किती तेल गेलं त्याचा हिशेब खरा सांगा. चुकलात तर चुकलो म्हणा. नुसतं हलवून तेल पडत नाही हो.