फुकट हात लावू नका

फिलिपिन्समधल्या सेबू शहरातल्या एका हॉटेलात विल्फ्रेडो काबाहुग लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या इंजिनियरांना धंदा शिकवत होते. "आधी ग्राहकाचं ऐकून घ्या. कामाचं ठरवा. फुकट हात लावू नका!" शेवटचं वाक्य त्यांनी फळ्यावर ठळक लिहिलं.

तेवढ्यात एसी घरघरून बंद पडला. हॉटेलच्या मॅनेजर मिस ओफेलिया धावत आल्या. "माफ करा, आमच्या मेकॅनिकला..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत काबाहुग बूट काढून टेबलावर चढलेसुद्धा. खालून अख्खा वर्ग ओरडत होता, "सर, कपॅसिटर बघा!" मधल्या वेळचे नूडल्स गार झाले, पण एसी सुरू झाला. टाळ्यांच्या कडकडाटात काबाहुग ऐटीत खाली उतरले, तोच फळ्यावरचं स्वतःचंच अक्षर त्यांच्या डोळ्यांत खुपलं. आपल्यासारखा नालायक मास्तर अख्ख्या सेबू बेटावर सापडायचा नाही, अशी त्यांची खात्रीच पटली.

मिस ओफेलियांनी त्यांना कॉफी आणून दिली. "पुढचं शिबिरही इथंच घ्या हं, इंजिनियर," त्या गोड हसल्या. "आमची सामानाची लिफ्ट सारखी अडकते."

"कितव्या मजल्यावर?" काबाहुग बोलून गेले.